पवनचक्की फिरेल, पण वीज किती?

वाचनालयाच्या गच्चीवर सौर पॅनेल आणि एक छोटी पवनचक्की बसवायची, लोकांनी येऊन बघावं म्हणून. विषय निघाला आणि कट्ट्यावर जुंपली.

"पवनचक्की कशाला? पॅनेल लावा आणि मोकळे व्हा," वायरमन म्हणाला.

मास्तर उसळले. "रात्री ऊन पडतं का रे? आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते!"

"आणि निम्मा झाला की एक अष्टमांश. तेही सांगा की!"

मास्तर हिशेबाला बसले. पात्यांचा व्यास 2 मीटर, वारा सेकंदाला 6 मीटर. वाऱ्यात साधारण 400 वॅट. बेट्झच्या मर्यादेमुळे त्यातले 59.3 टक्क्यांहून जास्त कुणालाच काढता येत नाहीत, छोट्या यंत्राच्या हाती शंभर-सव्वाशे लागले तरी खूप. वारा 3 मीटरवर आला की दहा-पंधरा. मास्तरांचा आवाज जरा खाली आला.

"तेही मोकळ्या माळावर," वायरमन सोडेना. "गच्चीवर वारा इमारतींना धडकून भोवरे घेत येतो. चक्की नुसती तोंड फिरवत बसते, खांबाची थरथर स्लॅबला. दीडशे मीटरच्या आत जे काही उंच असेल, त्याच्या दहा मीटर वर पाती हवीत. उभारता एवढा खांब?"

मी म्हटलं, मग हेच दाखवा ना. दारातच पॅनेल आणि चक्की, दोन्हींचे मीटर शेजारी शेजारी लावा. चक्कीचा शून्य आला तर शून्य दिसू दे. (एरवी असल्या ठिकाणी चकचकीत पाटी असते, आकडा नसतो.)

"पोरं हसतील."

"हसू देत. पण वीज गेली की पॅनेलही बंद पडणार, ते कोण सांगणार?" वायरमननं नवाच बॉम्ब टाकला. पॅनेलची वीज वापरण्याजोगी करून लाइनला जोडणारा साधा इन्व्हर्टर (घरातला बॅटरीवाला नव्हे) पुरवठा गेला की आपणहून बंद होतो. नाहीतर खांबावर दुरुस्ती करणाऱ्याला उलट्या दिशेनं आलेल्या विजेचा झटका बसेल. भर उन्हात वाचनालय अंधारात! ते नको असेल तर बॅटरी हवी आणि तसा इन्व्हर्टर हवा. हे मलाही माहीत नव्हतं.

शेवटी वर्षभर आधी नुसता वारामापक लावायचा ठरला, चक्की जिथं बसेल त्याच उंचीवर.

"आणि पॅनेलवरची धूळ कोण पुसणार?" उठता उठता वायरमन.

"पोरं," मास्तर म्हणाले. पोरांना अजून कुणी विचारलेलं नाही.