‘आठ दिवसांत रुळतं’ म्हणणाऱ्यांना

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांमध्ये, लष्कर भागापासून मुरारपर्यंत, महिनाभर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: ‘बोर्डिंगला टाकलं की मुलं कणखर होतात. रडलं तर फोन घेऊ नका, आठ दिवसांत रुळतं. डिप्रेशन, कौन्सेलर ही आजची फॅडं. असले विषय काढले की नको ते डोक्यात भरतं. सरदारांची पोरं किल्ल्यावर शिकली, तेव्हा कुठे होते कौन्सेलर?’

मी अकरा वर्षं परगावी एका निवासी शाळेत मुलींच्या हाउसची, म्हणजे वसतिगृहाची, देखभाल करणारी मेट्रन होते. हा मेसेज मला माझ्या सख्ख्या मावसबहिणीनं पाठवला, आणि तिचा नातू येत्या एप्रिलमध्ये बोर्डिंगला जायचा आहे. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी किल्ल्याचं. सरदारांच्या मुलांसाठी 1897 साली निघालेली शाळा म्हणजेच आजचं ग्वाल्हेर किल्ल्यावरचं सिंधिया स्कूल, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्या काळी रात्री पांघरुणात तोंड खुपसून कोण रडत होतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आज मोजतात म्हणून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 10 ते 19 वयातल्या दर सात जणांमागे एकाला मानसिक आजार असतो. साठ मुलींच्या हाउसमध्ये त्या हिशेबानं आठ-नऊ जणी.

‘आठ दिवसांत रुळतं’ यात थोडं तथ्य आहे. घरची आठवण बहुतेकांची काही आठवड्यांत सोसण्याजोगी होते, आणि ‘नाही करमलं तर लगेच न्यायला येते’ असं कबूल करून पाठवलं तर मूल उलट दारातच अडकून राहतं. पण फोनच घ्यायचा नाही? आमच्याकडे सातवीत एक मुलगी आली. पहिल्या दिवसापासून रडली नाही. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, रुळली. मग रोज प्रेपच्या, म्हणजे शाळेनंतर बसून करायच्या अभ्यासाच्या, वेळेला तिचं पोट दुखायचं. सिक रूममध्ये गोळी मिळायची. अभ्यास टाळते म्हणून मी तिला दोनदा रागावले, ते आजही मला टोचतं. रविवारी घरी फोन व्हायचा, पण मागे पंधरा मुलींची रांग. त्यात ती काय सांगणार? ‘मजेत आहे.’ शेवटी एका संध्याकाळी वेणी घालणाऱ्या आमच्या आयाबाईंना ती म्हणाली, रात्री झोपच येत नाही. आयाबाई मला येऊन सांगायच्या की नाही, यावरच सगळं होतं. त्या आल्या.

म्हणून ‘कौन्सेलर हे फॅड’ हे मला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयानं 25 जुलै 2025 च्या निकालात सांगितलंय, की 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, आणि शिक्षकांबरोबर इतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायला हवं. इतर कर्मचारी म्हणजे आमच्या आयाबाईच. मात्र कौन्सेलर म्हणून शिक्षा देणाऱ्याच सरांना बसवलं, तर तिथे कुणी फिरकत नाही.

‘विषय काढला की डोक्यात भरतं’ ही भीती खरी, पण समज चुकीचा. जीव नकोसा झालाय का, असं सरळ विचारल्यानं धोका वाढत नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. उत्तर ‘हो’ आलं तर व्याख्यान देऊ नका, मुलाला एकटं सोडू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो.

आणि कणखरपणा! 13 ते 18 वयाला आठ ते दहा तास झोप लागते. साडेदहाला लाइट्स ऑफ, साडेपाचला पीटीची घंटा, म्हणजे सातच तास. सहा महिने असं काढलेलं मूल चिडकं, मठ्ठ दिसतं, आणि आपण म्हणतो, अजून कडक करा.

ताई, नातवाला पाठव, पण तिथून रविवारी त्याचा फोन आला की मार्कांच्या आधी ‘मेसमध्ये कुणाजवळ बसतोस?’ एवढं विचार. त्या मुलीला मी हे फार उशिरा विचारलं. ती म्हणाली, ‘मॅम, मी सगळ्यांचं झाल्यावर जाते. तेव्हा टेबल रिकामं असतं.’