‘आठपट व्ही, पत्रा कुठलाही’: या मेसेजवर डाय घेऊ नका

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या मोबाइलवर सध्या पत्रा वाकवणाऱ्या प्रेस ब्रेक मशीनबद्दल एक मेसेज फिरतोय. या मशीनमध्ये वरचा पंच पत्र्याला खालच्या डायच्या खाचेत दाबतो; व्ही म्हणजे त्या खाचेच्या तोंडाची रुंदी, राउंड म्हणजे वाकाच्या आतल्या गोलाईची त्रिज्या आणि टनेज म्हणजे लागणारा जोर. मजकूर थोडक्यात असा: ‘व्ही घ्या जाडीच्या ८ पट, पत्रा कुठलाही असो. आतला राउंड पंचाच्या टोकाएवढा येतो. वाक तडकला तर माल हलका. कोन उघडा राहिला तर टनेज वाढवा.’ पहिलीच प्रेस ब्रेक घेतलेली पोरं हे वाचून टूलिंगची ऑर्डर देतात आणि पैसे अडकवून बसतात. म्हणून एकेक वाक्य घेतो.

आठपटीचा आकडा खोटा नाही. एमएसच्या (साध्या लोखंडाच्या) पातळ पत्र्याला तो बसतो. ३ मिमीपर्यंत सहा ते आठपट चालतं, त्यापुढं आठ ते दहापट, आणि १० मिमीच्या वर दहा-बारापट घ्यावं लागतं. चूक आहे ती ‘कुठलाही’ या शब्दात. सोयाबीन आणि कापूस एकाच अंतरावर लावा, असं कुणी सांगितलं तर आपल्याकडचा शेतकरी ऐकेल का?

टनेजचा हिशोब बघा. एमएससाठी मीटरमागे टन काढायचे तर ताणशक्ती ४५ किलो प्रति चौरस मिमी धरून तिला १.४२ नं आणि जाडीच्या वर्गानं गुणा, मग व्हीनं भागा. ३ मिमी पत्रा २४ च्या व्हीत मीटरला साधारण २४ टन मागतो. तोच १६ च्या व्हीत घातला तर ३६ टन. म्हणजे ३ मीटर लांबीला ७२ ऐवजी १०८ टन, आणि मशीन १०० टनांची असेल तर काम तिथंच थांबलं. एसएस ३०४ ला (स्टेनलेस स्टीलला) याच्या दीडपट धरा.

उलट बाजूही आहे. कड, म्हणजे वाकवून उभी राहणारी पट्टी, लहान असेल तर मोठा व्ही चालत नाही. ९० अंशाच्या वाकाला कड व्हीच्या किमान ०.७ पट लागते. १६ च्या व्हीला ११ मिमीपेक्षा कमी कड दिली तर पत्रा खांद्यावरून, म्हणजे व्हीच्या वरच्या काठावरून, घसरून डायमध्ये पडतो. पॅनेल बोर्डाच्या २ मिमी पत्र्याला ९ मिमीची कड हवी असेल, तर १२ चा व्ही घ्यावा लागेल आणि टनेज मीटरला १६ वरून २१ वर जाईल. म्हणजे व्ही ठरवायला जाडीसोबत कड, माल आणि मशीनही बघावी लागते.

सगळ्यात जास्त नुकसान पंचाच्या टोकाच्या वाक्यानं होतं. एअर बेंडिंगमध्ये, म्हणजे पत्रा डायच्या तळाला न दाबता वाकवताना, तो तीनच ठिकाणी टेकतो: पंचाचं टोक आणि व्हीचे दोन खांदे. त्यामुळं आतला राउंड व्हीच्या रुंदीवर ठरतो. एमएसमध्ये तो रुंदीच्या साधारण १६ टक्के येतो, ३०४ मध्ये २० ते २२ टक्के. १६ चा व्ही असेल तर एमएसला २.६ मिमी आणि ३०४ ला ३.४ मिमीच्या आसपास. पंच १ मिमीचा लावा की २ चा, फरक नाही. पंचाचं टोक या आकड्याहून मोठं असेल, तेव्हाच राउंड त्याच्यावर जातो. फार टोकदार पंच मात्र पत्र्यात घुसून चरा पाडतो.

हे मी पैसे मोजून शिकलो. जालन्याच्या बियाणे यंत्रासाठी ३०४ चे हॉपर होते, फ्लॅट कटिंग, म्हणजे वाकवण्याआधीच्या सपाट तुकड्याचं माप, मात्र एमएसच्या राउंडवर काढलं होतं. एका वाकाला जेमतेम ०.३ मिमीचा फरक, पण चार वाकांचं मिळून सव्वा मिमी वाढलं आणि हॉपर चौकटीत बसेना. लेझरवरून आलेला सगळा लॉट गेला.

वाक तडकला की माल हलका, हे घाईचं निदान आहे. आपल्याकडं लोखंड म्हटलं की जालना आठवतं, पण जालन्याची ओळख सळईची. आपला पत्रा कॉइलमधून येतो आणि त्याला लाटल्याची दिशा असते. वाकाची रेघ त्या दिशेला समांतर आली तर बाहेरचं अंग लवकर फाटतं. आधी तुकडा आडवा फिरवून वाकवा, मग व्ही एक माप मोठा करून बघा. दोन्हींत तडकला तरच पुरवठादाराला फोन करा.

राहिला कोन. एअर बेंडिंगमध्ये कोन पंच किती खोल गेला यावर ठरतो. पत्रा सुटल्यावर उघडतो: एमएस अंशभर, ३०४ दोन-तीन अंश. म्हणून ३०४ ला ९० चा डाय कामाचा नाही, ८४ किंवा ८० चा घ्या आणि जास्त वाकवून सोडा. टनेज चढवून पत्रा डायच्या तळाला दाबला तर तीन ते पाचपट जोर लागतो आणि गूजनेक (हंसाच्या मानेसारखा वाकडा) पंच त्यात सरळ मोडतो. लांब तुकड्याची टोकं गुण्याला (काटकोनाला) बरोबर आणि मध्य उघडा असेल, तर बेड लवतोय. तिथं क्राउनिंग करा, म्हणजे बेडचा मध्य किंचित उचलून घ्या, किंवा मध्यभागी डायखाली शिम (पातळ पट्टी) द्या.

आणि डाय हातात आला की त्यावर कोरलेला टन प्रति मीटरचा आकडा वाचा. १०० टन प्रति मीटर म्हणजे २०० मिमीच्या तुकड्याला फक्त २० टन. मशीन १०० टनांची आहे म्हणून तेवढा जोर त्या तुकड्यावर टाकला, तर डाय फुटतो आणि समोर ऑपरेटर उभा असतो.