तंजावरच्या चर्चबाबत खुलासा

'तंजावरच्या सरफोजी राजांनी ख्रिस्ती होऊन किल्ल्यात लुथेरन चर्च बांधलं', असा मेसेज सोबतच्या फोटोसह फिरतो आहे. फोटो खरा, मजकूर चुकीचा.

शिवगंगा बागेलगतचं हे चर्च १७७९ सालचं आहे. सरफोजी दुसरे यांचा जन्म १७७७चा. म्हणजे पाया खणला तेव्हा राजे धड चालतही नसतील! ते उभं केलं ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन लुथेरन (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) मिशनऱ्याने. कोपनहेगनला दीक्षा घेऊन तो १७५० साली डॅनिश वसाहत तरंगमबाडीत उतरला होता.

मग घोळ कुठून झाला? आतल्या संगमरवरी शिल्पावरून असावा. श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहे आणि सरफोजींनी त्याचा हात हातात घेतला आहे, असं ते दृश्य. श्वार्ट्झ १७९८ साली वारल्यावर राजांनी ते लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून करवून घेतलं. (या शिल्पकाराने भारत कधी पाहिला नव्हता.) राजांनी बसवलं ते हे स्मारक, चर्च नव्हे.

त्यामागे कृतज्ञता होती. तंजावरचे आधीचे राजे तुळजाराजे यांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींना श्वार्ट्झच्या हवाली केलं होतं. शिक्षण, गादीच्या वादात इंग्रजांकडे रदबदली, सगळं त्याने केलं.

धर्मांतराला मात्र कसलाच आधार नाही. भोसल्यांचा इतिहास सांगणारा लांबलचक मराठी शिलालेख याच राजांनी १८०३मध्ये बृहदीश्वराच्या देवळात कोरवून घेतला, पुढे काशीयात्राही केली.