कुमारीनची धातुसंकुले: एका परखड प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

कुमारीनच्या धातुसंकुलांवरील माझ्या लेखनावर पाठवलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनःपूर्वक आभार. आपले आक्षेप दोन आहेत. कुमारीन या वनस्पतींत आढळणाऱ्या सुवासिक संयुगापासून लिगंड, म्हणजे धातूला पकडणारा रेणू, बनवायचा, त्याची तांबे, जस्त किंवा चांदीशी संकुले (धातू आणि लिगंड यांची जोडणी) करायची, पेट्री डिशमध्ये जंतूंची वाढ थांबलेले वर्तुळ मोजायचे आणि शोधनिबंध छापायचा, हा मुंबईतही जोरात चाललेला पदवीपुरता उद्योग आहे, हा पहिला. आपल्या वडिलांना रक्त पातळ ठेवण्यासाठी याच कुळातील गोळी चालू असताना मी कुमारीनचे गुण गायले, हा दुसरा.

दुसरा आधी घेतो, कारण तो रुग्णाशी निगडित आहे. टोंका बियांना ताज्या कापलेल्या गवतासारखा गंध देणारे मूळ कुमारीन रक्त पातळ करत नाही. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर या वनस्पतीचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने दगावू लागली, त्याला बुरशीच्या क्रियेतून तयार झालेले डायकुमारोल कारणीभूत होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल लिंक यांच्या गटाने ते वेगळे केले आणि त्याच वाटेने वॉरफरिन आले, जे १९४८मध्ये उंदीर मारण्यासाठी आणि १९५४मध्ये माणसांचे रक्त पातळ ठेवण्यासाठी वापरात आले. हा परिणाम मुख्यतः ४-हायड्रॉक्सीकुमारीनच्या, तिसऱ्या कार्बनवर योग्य जोड असलेल्या संयुगांचा आहे; ती व्हिटॅमिन के पुन्हा वापरात आणणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतात. म्हणून अशा लिगंडांच्या संकुलांची रक्त गोठण्यावरील चाचणी मी अनिवार्य मानतो, पण साऱ्या कुमारीन वर्गावर तोच ठपका ठेवणे रसायनशास्त्राला धरून होणार नाही.

पहिल्या आक्षेपात बरेच तथ्य आहे. वर्तुळाचा व्यास पदार्थ अगारमध्ये, म्हणजे जंतू वाढवण्याच्या जेलीत, किती पसरतो यावरही ठरतो, आणि बोजड, कमी विरघळणारी संकुले फारशी पसरत नाहीत. त्यामुळे जंतूंची वाढ रोखणारी किमान मात्रा काढल्याशिवाय तुलना करू नये. तेवढ्याने भागत नाही. लिगंड एकटा, तेवढाच धातू असलेला साधा क्षार एकटा आणि डीएमएसओसारखा द्रावक एकटा, अशा तिन्ही चाचण्या शेजारी असायला हव्यात. चांदीचे आयन स्वतःच जंतू मारतात, मग चांदीच्या संकुलाचे श्रेय कुमारीनला कशाच्या जोरावर द्यायचे? संकुलात धातूचा धनभार लिगंडच्या अणूंवर थोडा वाटला जातो, ध्रुवीयता घटते आणि रेणू पेशीच्या स्निग्ध पटलातून सहज आत शिरतो, हे ट्वीडी यांच्या नावाने दिले जाणारे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. परंतु ते पुराव्याच्या जागी बसवले जाते तेव्हा मलाही खेद होतो.

तरीही, संपूर्ण विषय निकामी आहे हा आपला निष्कर्ष मला मान्य नाही. नोव्होबायोसिन या प्रतिजैविकात कुमारीनचा सांगाडा आहे आणि ते जंतूंच्या डीएनए गायरेज या विकराला रोखते, म्हणजे या सांगाड्याला जंतूंमध्ये ओळखीचे लक्ष्य आहे. शिवाय औषधापलीकडचे उपयोग आपण विचारातच घेतलेले नाहीत. रिसॉर्सिनॉल आणि इथाइल ॲसिटोॲसिटेट गार सल्फ्युरिक आम्लात मिसळून ते मिश्रण बर्फावर ओतण्याची पेखमान अभिक्रिया एमएस्सीच्या अनेक विद्यार्थ्यांनी हाताने केलेली असते; मिळालेला फिकट पदार्थ, जो कुमारीनचाच एक प्रकार आहे, सौम्य अल्कलीत विरघळवून अतिनील दिव्याखाली धरला की निळा उजळतो. त्याच रेणूला धातू पकडणारी बाजूची साखळी जोडली की कॅल्सीन ब्लू हे तसेच उजळणारे रंगद्रव्य तयार होते. तांब्याचा आयन त्यात अडकला की तो प्रकाश मावळतो, आणि ईडीटीए या धातू घट्ट पकडणाऱ्या रसायनाने तांबे काढून घेतले की परत येतो. येथे धातू नेमके काय करतो ते डोळ्यांना दिसते आणि मोजताही येते. पाण्यातील तांबे किंवा पेशींतील जस्त शोधणारे कितीतरी संवेदक याच तत्त्वावर उभे आहेत, आणि माझ्या मते कुमारीन संकुलांचा सर्वांत भक्कम उपयोग हाच आहे.

आपण नमुना म्हणून पाठवलेल्या निबंधात कॉपर क्लोराइडची स्वतंत्र चाचणी नाही, त्यामुळे त्याच्या दाव्यावर मीही विसंबणार नाही. क्षार, लिगंड आणि संकुल या तिन्हींच्या किमान मात्रा दिलेले तक्ते आपल्या पाहण्यात असतील, तर ते अवश्य कळवा. निष्कर्ष माझ्या मताविरुद्ध गेले तरी मी ते येथेच प्रसिद्ध करीन.