सहावीपासून कोडिंग सक्तीचं? कुठे लिहिलंय ते दाखवा

यावलच्या मावशीने घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही आला असेल: ‘नव्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग सक्तीचं. ज्याला येत नाही तो उद्याचा निरक्षर. कोडिंगने गणित आपोआप सुधारतं. आपल्या अमळनेरची विप्रो बघा!’ खाली क्लासचा नंबर. नेहमीसारखं सोडून दिलं असतं. पण वहिनी पाचवीतल्या पोरासाठी हप्ते बांधायला निघाल्या म्हटल्यावर गप्प बसवेना.

सक्तीची गोष्ट धडधडीत खोटी. २०२० च्या धोरणाच्या परिच्छेद ४.२५ मध्ये एवढंच आहे की सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचा समावेश असलेले उपक्रम आणले जातील. ते शाळेने करायचे. खासगी क्लास लावा, असं कुठेही नाही. आता पुढचाच परिच्छेद वाचा, ४.२६. याच तीन इयत्तांत प्रत्येक विद्यार्थ्याने सुतारकाम, विजेची कामं, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम हाताने करून बघावं, आणि दहा दिवस दप्तर घरी ठेवून गावातल्या कारागिरांकडे शिकावं. मग ‘पोराने रंधा मारला नाही तर मागे पडेल’ असा फोन वहिनींना का नाही आला? सुताराकडे पाठवण्यात कोणाला कमिशन सुटत नाही म्हणून.

निरक्षर म्हणे! रावेरचा शेतकरी मोबाईलवर केळीचे भाव बघतो, सातबारा ऑनलाइन काढतो. त्याला ॲप बनवता येत नाही म्हणून त्याचं काय अडलं? त्याला ओटीपी मागणारा भामटा ओळखता आला पाहिजे, ते कोणी शिकवत नाही.

गणिताचं म्हणाल तर, कोडिंगने पद्धतशीर विचार करायची सवय लागते आणि ती इतर विषयांतही उपयोगी पडते, हा त्यामागचा समज. न्यूयॉर्कमधल्या रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी तोच तपासला. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी ‘लोगो’ ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलेली मुलं घेतली. वर्गातली कामं कमीत कमी वेळात उरकायचा बेत आखायला दिला, तर वर्षभर प्रोग्रॅमिंग करूनही ती इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत. नंतरच्या अभ्यासांत थोडा फायदा दिसलाय, तेवढं कबूल. पण ‘आपोआप’ काही होत नाही.

आणि विप्रो? ती अमळनेरात १९४५ साली उभी राहिली वनस्पती तुपावर. कॉम्प्युटरकडे वळली पस्तीसेक वर्षांनी.

वहिनी, पोराला आवड असेल तर मुलांना कोडिंग शिकवणारं ‘स्क्रॅच’ फुकट आहे, शाळेच्या कॉम्प्युटरवरही चालतं. पैसे भरले असतील तर परताव्याची अट आजच वाचा. ती बहुतेक अगदी खाली, बारीक अक्षरात असते.