‘माती तपासून पैसे वाया गेले’ या अभिप्रायाला लॅबतर्फे उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. एक तारा दिलात आणि लिहिलंत की माती तपासायला १८ हजार गेले, आठ दिवस सांगून १९ दिवस लावले, तीन दिवस फोन उचलला नाही, रिपोर्ट हातात दिला तो सगळा इंग्रजीत, आणि एवढं करून वर पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, टाकायला सांगून दीड लाखाचा खर्च वाढवून ठेवला. मिस्त्री म्हणतो पाच फूट गड्डे खोदून फुटिंग, म्हणजे कॉलमखालची रुंद बैठक, टाकली की झालं. शेजारच्या घराला चार वर्षं झाली, त्याला एक तडा नाही. दुसरी एक लॅब दोन तासांत रिपोर्ट द्यायला तयार होती. आणि शेवटी विचारलंत की जे बोअरचं पाणी आमची जनावरं पितात, ते सिमेंटला कसं काय चालत नाही?

आधी आमच्या चुकीचं बोलतो. १९ दिवस लागले, हे खरं आहे आणि त्यातले निदान नऊ दिवस आमच्यामुळे गेले. माती फुगताना किती जोर लावते ते मोजायची तीन यंत्रं आमच्याकडे आहेत. त्याच आठवड्यात एका रस्त्याच्या कामाचे नमुने आले, ते आम्ही आधी लावले आणि तुमचा नमुना मेणाने बंद केलेल्या नळीत तसाच पडून राहिला. मोठं काम आधी, घराचं नंतर, असा तो हिशेब झाला. तो चुकलाच. फोनचंही तेच. मुलं साइटवर होती, लॅबमध्ये फोन वाजत राहिला, नंतर उलट फोन करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. घर बांधणारा माणूस त्या तीन दिवसांत सेंट्रिंगवाल्याला काय सांगत असेल, याचा विचार आम्ही करायला पाहिजे होता. मशीन आणायचे अडीच हजार तुम्हाला परत करतो आहे. इंग्रजी रिपोर्टची तक्रारही मान्य. २२ पानं देऊन ‘इंजिनिअरला दाखवा’ म्हणणं बरोबर नव्हतं. तुमच्या रिपोर्टचा मराठीत दोन पानी मजकूर लिहून ठेवला आहे, आणि यापुढे घराच्या प्रत्येक कामाला तो देणार.

पण रिपोर्टातला आकडा मी बदलू शकत नाही, आणि पाइलचा सल्लाही मागे घेत नाही. तुम्ही रिपोर्टच्या पानाचा फोटो इथे टाकलाच आहे, तेव्हा त्यातल्याच आकड्यांवरून सांगतो.

दीड मीटर खोलीवरची तुमची माती भट्टीत वाळवून, बारीक चाळणीतून चाळून, तिचे दहा-दहा ग्रॅमचे दोन वाटे केले. एक वाटा रॉकेल भरलेल्या काचेच्या नळीत टाकला, दुसरा पाण्याच्या. रॉकेलने ही माती फुगत नाही, पाण्याने फुगते. २४ तासांनी बघितलं तर रॉकेलमधली माती १० मिलिलिटरवर बसली होती आणि पाण्यातली २१ वर. म्हणजे फुगवटा ११० टक्के. भारतीय मानकात १०० च्या वर गेलेली माती ‘जास्त फुगणारी’ धरतात. त्या दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. रॉकेलमधली माती तळाशी रेतीसारखी बसलेली असते आणि पाण्यातली लोण्यासारखी वर आलेली. तुमचा मुलगा रिपोर्ट न्यायला आला तेव्हा त्याला हे दाखवायला हवं होतं. राहून गेलं.

आता मिस्त्रीचं म्हणणं. मी त्यांच्या अनुभवाला नावं ठेवत नाही. एप्रिलमध्ये आम्ही तुमच्या प्लॉटवर भोक घेतलं तेव्हा वरची माती खरंच दगडासारखी होती. टिकाव मारला की खणकन आवाज यायचा आणि भेगा एवढ्या की एका भेगेत आमच्या पोराचा पाय घोट्यापर्यंत गेला. अशी जमीन बघून कोणीही म्हणेल, पाया पक्का आहे. पण आम्ही जी ठोक चाचणी घेतो, साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून पाडून नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायची, तिच्यात दीड मीटरवर २१ ठोके लागले आणि साडेचार मीटरवर फक्त ८. वर १६ टक्के ओल, खाली २८. म्हणजे वरचा कडकपणा उन्हाचा होता, मातीचा नव्हता. तीच जागा ऑगस्टमध्ये बघा, ट्रॅक्टरचं चाक बुडतं. दरवर्षी ही माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, आणि पाच फुटांवरची फुटिंग नेमकी त्या वरखाली होणाऱ्या थरातच बसते.

यावर लोक म्हणतात, घर जड आहे, माती काय उचलणार! तुमच्या मातीचा फुगण्याचा दाब एका चौरस सेंटिमीटरला १.४ किलो आला, म्हणजे एका चौरस मीटरला १४ टन. तुमच्या नकाशाप्रमाणे एकमजली घराचं ओझं फुटिंगखाली चौरस मीटरला सात-आठ टन पडतं. माती पूर्ण ओली झाली तर तिचा जोर घरापेक्षा जास्त भरतो. म्हणून काळ्या मातीत हलकी घरं आधी तडकतात. आणि ती सगळीकडून सारखी उचलत नाही, ही खरी अडचण. न्हाणीचं पाणी मुरतं तो कोपरा वर येतो, कडुनिंबाच्या मुळ्या ओल ओढतात तो कोपरा खाली बसतो. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा तडा निघतो आणि पावसाळ्यात दारं चौकटीत अडकायला लागतात. शेजारचं घर मी तपासलेलं नाही, म्हणून त्याबद्दल बोलत नाही. चांगलं राहो.

तुमच्या आजोबांच्या घराला पाया नावालाच होता आणि तरी ते ऐंशी वर्षं टिकलं, असंही तुम्ही लिहिलंत. ते घर गावठाणात आहे ना? आपल्याकडे जुनी माणसं गावाची जमीन सांगताना ‘काळी’ आणि ‘पांढरी’ म्हणायची. काळी म्हणजे कसायची, पांढरी म्हणजे राहायची. उंचवट्याची, फारशी न फुगणारी पांढरी बघून त्यांनी गाव वसवलं आणि काळीवर ज्वारी-कापूस पेरला. भिंतीही मातीच्या, थोडं हललं तर सारवून घेतलं. गावठाणात आता जागा उरली नाही म्हणून लेआउट पडतात ते सगळे काळीत. तुमचा प्लॉटही दहा वर्षांपूर्वी शेतच होतं. शेताच्या मातीवर आपण विटा-सिमेंटची भिंत उभी करतो, आणि ती भिंत वाकत नाही, तडकते.

दारव्हा-यवतमाळकडे काही ठिकाणी चार-सहा फुटांवर मुरूम लागतो. तिथे मीही पाइल सांगत नाही, काळी काढा आणि मुरमावर फुटिंग टाका म्हणतो. दर्यापूरच्या बाजूला तसं नाही. हा पूर्णा नदीचा गाळ आहे, खाली शेकडो फूट गाळच. तुमच्याकडे सहा मीटरपर्यंत गेलो, मुरमाचा खडा हाती लागला नाही. म्हणून साडेतीन मीटरच्या खाली, जिथे वर्षभर ओल फारशी बदलत नाही, तिथे पाइलचा फुगीर गोळा बसवायचा. माती वर ढकलायला लागली की तो गोळा खाली धरून ठेवतो. अंडररीम पाइल म्हणतात तो हाच. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या देशातल्या अशाच मातीसाठी ही पद्धत बसवली. काळ्या मातीत साडेतीन मीटर ही कमीत कमी लांबी मानकातच आहे, मी वाढवलेली नाही. आणि प्लिंथ बीमच्या, म्हणजे भिंतींखालच्या आडव्या बीमच्या, खाली आठ सेंटिमीटर, चारेक बोटं, मोकळी जागा सोडायची म्हणजे फुगलेली माती बीमला लागणार नाही. मिस्त्री ती जागा मातीने दाबून भरतात, तेवढं स्वतः उभं राहून बघा.

दीड लाख जमतच नसतील तर एक दुसरा रस्ता रिपोर्टच्या शेवटच्या पानावर दिला आहे: काळी मीटरभर काढून बाहेरून आणलेला न फुगणारा मुरूम थराथराने दाबून भरणं. तो पाइलएवढा खात्रीचा नाही आणि मुरमाची वाहतूक धरली तर फार स्वस्तही पडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण गड्ड्यात नुसती रेती भरू नका. रेतीत पाणी साठतं आणि ते पाणी खालच्या काळीला पुरवत राहतं.

दोन तासांच्या रिपोर्टबद्दल एवढंच. त्या लॅबने काय केलं असतं ते मला माहीत नाही. पण रॉकेल आणि पाण्याच्या नळ्यांनाच २४ तास लागतात, आणि फुगण्याचा दाब मोजायला त्यानंतर बरेच दिवस. काळी माती पाणी हळूहळू पिते. तिला घाई करता येत नाही.

आता पाणी. तुमच्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, लिटरला ११५० मिलिग्रॅम आलं. सळाख असलेल्या काँक्रीटला ५०० पर्यंत चालतं. आपला हा सगळा खारपाणपट्टा आहे, तुमच्या घरच्या चुलीवरच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो, तो तुम्ही रोज बघता. जनावर ते पाणी पितं आणि बाहेर टाकतं. काँक्रीटमध्ये ते मीठ कायमचं बंद होऊन बसतं आणि आत सळाखेला गंज चढवत राहतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून दहा-पंधरा वर्षांनी स्लॅबचे पापुद्रे सुटतात आणि सळाख उघडी पडते. साध्या विटेच्या जोडाईवर मी एवढा अडून बसलो नसतो, पण कॉलम, बीम आणि स्लॅब या तीन कामांना शहानूर धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी साठवून वापरा. तराईला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायलाही, तेच. गावात टाकी आहे, एका स्लॅबपुरतं दोन-तीन टँकर लागतील.

माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. तुमच्या मातीचे उरलेले नमुने लॅबमध्ये सीलबंद आहेत. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यातला अर्धा स्वतःच्या हाताने घेऊन जा. तिथे निकाल आमच्यापेक्षा वेगळा आला तर तपासणीचा खर्च आणि आमचे १८ हजार, दोन्ही आम्ही देऊ. हे इथे सगळ्यांसमोर लिहितो आहे.

मृग लागायला फार दिवस नाहीत. जमीन कोरडी आहे तोवर पाइलची भोकं सरळ उतरतात, पाऊस पडला की कडा ढासळतात आणि मग दिवाळीपर्यंत थांबावं लागतं. सोमवारी सकाळी मिस्त्रींना सोबत घेऊन या. दोन नळ्या पुन्हा भरून टेबलावर ठेवतो, रविवारीच माती टाकून, म्हणजे तुम्ही याल तेव्हा २४ तास झालेले असतील.