पुरवण्यांना गुण नसतात, मग कशाला असतात?

परवा माझ्या शिकवणीतली बी.ए.ची एक मुलगी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन आली. रोज उमरेडहून एसटीनं नागपुरात येते. इंग्रजी साहित्याचा पेपर, शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकावरचा १५ गुणांचा प्रश्न, पुरवणी जोडून साडेपाच पानं उत्तर. आणि समासात लाल शाईत फक्त ५. "मॅडम, सगळं तर लिहिलं. काहून कापले असतील?"

वाचून पाहिलं. खरंच सगळं होतं. चेटकिणी, डंकनचा खून, मेजवानीतलं भूत, शेवटी मॅकडफ. प्रश्न मात्र मॅकबेथच्या बायकोच्या, लेडी मॅकबेथच्या अपराधभावनेचा होता, आणि तिचं नाव आलं तिसऱ्या पानावर.

गुण 'कापले' ही समजूतच आधी काढून टाकायला हवी. निबंधात पूर्ण गुण आधी हातात देऊन मग एकेक काढून घेत नाहीत. तुम्ही शून्यापासून वर चढता.

माझी बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिच्या मुलाच्या जीसीएसईच्या, म्हणजे तिकडच्या दहावीसारख्या परीक्षेच्या निमित्तानं एक्यूए या तिकडच्या बोर्डाची गुणदान-पद्धत मी पहिल्यांदा नीट वाचली. इंटरनेटवर कुणालाही वाचता येते. शेक्सपिअरच्या प्रश्नाला ३४ गुण. १२ तुमच्या म्हणण्याला आणि त्याला नाटकातून दिलेल्या आधाराला, १२ लेखकानं भाषा आणि रचना कशी वापरली हे उलगडण्याला, ६ काळाच्या संदर्भाला. शुद्धलेखन, शब्द, वाक्यरचना मिळून ४. गोष्ट सांगण्याला स्वतंत्र गुण नाहीच. पहिल्या ३० गुणांच्या सहा पायऱ्या आहेत. तळाला साधी, वरवरची विधानं, मधे स्पष्ट समज, सर्वांत वर चिकित्सक, शोध घेणारी मांडणी. तपासणारा पूर्ण उत्तर वाचतो आणि ते कुठल्या पायरीवर जास्तीत जास्त बसतं ते ठरवतो.

शुद्ध भाषेच्या त्या फक्त ४ गुणांपाशी मी बराच वेळ थांबले. मराठी माध्यमातून आलेली किती मुलं "माझं इंग्रजी कच्चं आहे" म्हणत गाईडमधले परिच्छेद पाठ करतात! सीताबर्डीच्या बाजारातून आणलेलं गाईड पाठ करून तुमचं म्हणणं तयार होत नाही, आणि गुण त्यालाच आहेत.

मग आम्ही दोघी नाटक उघडून बसलो. खून झाल्यावर लेडी मॅकबेथ नवऱ्याला सांगते, थोड्या पाण्यानं हात धुतले की झालं. पाचव्या अंकात तीच झोपेत हात चोळत राहते आणि रक्ताचा वास जात नाही. मी विचारलं, या दोन ठिकाणी तिच्या बोलण्यात काय बदललं? पोरीनं दोन्ही पानं पुन्हा पुन्हा पाहिली आणि म्हणाली, "मॅडम, इथं ओळी कवितेसारख्या तुटत नाहीत." बरोबर! आधी पद्यात बोलणारी ही बाई इथं गद्यात बोलते, तुटक, एकातून दुसऱ्यात घसरत. मन ताब्यातून सुटलं की भाषेचा ताल सुटतो, हे त्या पोरीनं स्वतः शोधलं. हे एक वाक्य त्या साडेपाच पानांत असतं तर!

स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच मान्य केला. पण पाहून कळतं काय? ५ का, ८ का नाही, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मीही मे महिन्यात कूलरसमोर बसून गठ्ठेच्या गठ्ठे तपासले आहेत आणि समासात नुसते आकडे टाकले आहेत. ते चुकीचंच होतं. कारणाची एक ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं.

काही सहकारी म्हणतात, साहित्यात मोजपट्टी चालत नाही, प्रत्येकाचं मत वेगळं. मतं वेगळी पडतात हे खरंच आहे, इंग्लंडमध्ये पट्टी असूनही गणितापेक्षा साहित्याच्या गुणांत जास्त फरक पडतो. म्हणून तर पट्टी लपवून ठेवायची नाही. अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानाबरोबर ती मुलांच्या हातात पडायला हवी.

त्या सहा पायऱ्या मी मराठीत उतरवल्या आहेत, प्रत्येक पायरीला 'मॅकबेथ'मधलं एकेक उदाहरण देऊन. बी.ए., एम.ए.च्या मुलांना किंवा शिकवणाऱ्यांना हव्या असतील तर खाली लिहा, पाठवते.